चित्रपुस्तकांतून मुलांना अतिवास्तववादी चित्रकला: कुठली पुस्तकं, कशी बघायची, हाताने काय करून घ्यायचं

पाटीपेन्सिल

मुलांना 'काहीतरी विचित्र काढ' म्हटलं की हमखास तीन डोळ्यांचा हिरवा राक्षस येतो. तो टीव्हीवरून थेट कागदावर उतरलेला असतो, त्यात अतिवास्तव (सर्रिअल, म्हणजे ओळखीचंच पण स्वप्नातल्यासारखं अशक्य झालेलं) असं काही नसतं.

आता रेने माग्रित या बेल्जियन अतिवास्तववादी चित्रकाराचं 'द लिसनिंग रूम' (१९५२) बघा. लाकडी जमिनीची रिकामी खोली, डाव्या हाताला खिडकी आणि आत एक हिरवं सफरचंद. फक्त ते छताला आणि भिंतींना जाऊन भिडलंय. सालीची चकाकी, देठ, सावली, सगळं जिथल्या तिथे. मोडलाय तो एकच नियम, आकाराचा. बाकी सगळं नेहमीचं आहे म्हणूनच ते सफरचंद खटकतं. मुलांसोबत चित्रं बघताना आणि पुढे करून घेताना एवढं एक धरून ठेवलं तरी पुष्कळ आहे.

सुरुवातीला अँथनी ब्राउनचं 'चेंजेस' (१९९०) घ्या. बाबा आईला आणायला गेलेत, जाताना 'आता सगळं बदलणार आहे' असं सांगून गेलेत, आणि घरात एकट्या मुलासमोर किटलीला मांजराचे कान-शेपूट फुटतात, आरामखुर्चीचा गोरिला व्हायला लागतो. शेवटी आई बाळ घेऊन घरी येते. म्हणजे विचित्रपणाला घरगुती कारण आहे, त्यामुळे मुलं घाबरत नाहीत.

बघण्याची पद्धत:

पहिल्या खेपेला मजकूर वाचूच नका, नुसती पानं उलटा. दुसऱ्या खेपेला एका जोडपानावर तीन-चार मिनिटं थांबा आणि एका बैठकीत चार जोडपानांच्या वर जाऊ नका. आपलं बोट पानाबाहेर ठेवा. मोठ्यांनी बोट दाखवलं की मूल तेवढंच बघतं आणि पुढच्या पानावर पुन्हा बोटाची वाट बघत बसतं.

प्रश्नांचा क्रमही ठरवून ठेवा. आधी 'यात नेहमीसारखं काय काय आहे?' चार-पाच गोष्टी निघू द्या. मग 'काय नेहमीसारखं नाही?' आणि शेवटी 'हे असंच राहिलं तर पुढे काय होईल?' सफरचंदाच्या खोलीचं दार उघडेल का? कापायला सुरी केवढी लागेल? 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न कटाक्षाने टाळा. तो विचारला की मुलं चित्र सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागतात, आणि दोनदा उत्तर चुकलं की गप्प होतात.

वयाचं म्हणाल तर तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला शेपटीवाल्या किटलीचं फारसं नवल वाटत नाही. मुळात किटली कशी असते हेच अजून पक्कं झालेलं नसतं. पाचच्या आसपास 'ए, असं नसतं!' सुरू होतं. तो उद्गार आला की समजायचं, आता वेळ झाली.

---

खारीचावाटा

चांगला धागा. दोन शंका. घरात इंग्रजी फारसं नसेल तर काय करायचं? आणि आयात पुस्तकं महाग पडतात, मग मोजकी कुठली घ्यावीत?

---

पाटीपेन्सिल

@खारीचावाटा, बिनशब्दांची घ्या, भाषेचा प्रश्नच मिटतो. डेव्हिड वीझनरचं 'ट्यूजडे' (१९९१) हे पहिलं. मंगळवारी संध्याकाळी तळ्यातले बेडूक कमळाच्या पानांवर बसून उडायला लागतात. मजकूर म्हणजे फक्त वार आणि वेळा, त्या तोंडी सांगता येतात. शेवटचं पान मात्र आधी दाखवू नका, पुढच्या मंगळवारी कोण उडणार हे मुलांनाच ओळखू दे. मित्सुमासा आन्नोचं 'टॉप्सी-टर्वीज' (मूळ जपानी १९६८) हे दुसरं. त्यात अशक्य जिने आहेत. ते अतिवास्तववादापेक्षा एशरच्या (अशक्य इमारती काढणारा डच चित्रकार) जवळचं, पण नजर तयार करायला उत्तम.

वाचता येणाऱ्या, आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी क्रिस व्हॅन ऑल्सबर्गचं 'द मिस्टरीज ऑफ हॅरिस बर्डिक' (१९८४). चौदा चित्रं, प्रत्येकाला एक शीर्षक आणि एकेक ओळ. त्या ओळींचं मराठी करून चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी पानावर चिकटवायची. चिठ्ठी निघणारी हवी, पुस्तक वाचनालयाचं असलं तर नक्कीच.

दोनच घ्यायची असतील तर 'चेंजेस' आणि 'ट्यूजडे'.

---

तिरपाचष्मा

मूळ मुद्द्याशी अर्धाच सहमत. 'एकच नियम मोडायचा' हा माग्रितचा अतिवास्तववाद झाला, सगळ्यांचा नव्हे. ही चळवळ सुरू करणाऱ्या आंद्रे ब्रेतों या कवीच्या १९२४ च्या जाहीरनाम्याचा भर आपोआप येण्यावर होता, म्हणजे हात चालू द्यायचा आणि मनाची राखण उठवायची. अर्न्स्ट, मिरो, मासों या चित्रकारांचं बरंच काम त्या वाटेने गेलंय. त्यात आधी नियम ठरवून मग मोडणं नाही, डागात किंवा रेषेत अचानक काहीतरी सापडणं आहे. मुलांना ही वाट उलट जास्त सोपी. भिंतीवरच्या ओलीत हत्ती दिसणं त्यांना शिकवावं लागत नाही.

त्यासाठी मॅक्स अर्न्स्टची घासचित्रं, म्हणजे फ्रोताज. १९२५ मध्ये लाकडी जमिनीच्या फळ्यांवर कागद ठेवून त्याने पेन्सिल घासली, आणि १९२६ मध्ये अशा ३४ चित्रांचा 'इस्त्वार नात्युरेल' हा संच निघाला. पानं, फळ्या, दोरे यांच्या ठशांतून जंगलं, पक्षी, डोळे तयार झालेत. त्यातली चार-पाच चित्रं मुलांना दाखवून 'हे कशावर घासलं असेल?' एवढंच विचारायचं.

करून घ्यायची रीत:

कागद पातळ हवा, साधा ७० ते ७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम) झेरॉक्सचा. ड्रॉइंग बुकचा जाड कागद घेतला की ठसा उमटतच नाही आणि मुलं जोर लावून कागद फाडतात. मेणाच्या खडूवरचा कागद काढून खडू आडवा धरायचा. टोकाने घासलं तर ठशाऐवजी नुसत्या रेघा येतात. खाली ठेवायला पिंपळाचं पान (शिरांची बाजू वर), सुतळीचं वेटोळं, चाळणी, चटईचा तुकडा, पन्हाळी पुठ्ठा. ताजं रसरशीत पान नको, ओल कागदात उतरते. दिवसभर वहीत दाबून ठेवलेलं बरं. किसणीचा ठसा सुरेख येतो, पण ती मोठ्यांनी धरायची. कागद चारही कोपऱ्यांना मास्किंग टेपने चिकटवा. घासताना कागद अर्धा सेंटिमीटर जरी सरकला तरी सगळं धुरकट होतं.

पाच-सहा वेगवेगळे ठसे झाले की लगेच कापायला बसू नका. कागद चारही बाजूंनी फिरवून बघायचे, दिसेल त्याला काळ्या पेनने फक्त डोळा आणि पाय द्यायचे. डोळा दिला की बाकीचं आपसूक उभं राहतं.

---

पाटीपेन्सिल

@तिरपाचष्मा, मान्य. 'एक नियम' हे मी कोलाजसाठी आणि माग्रितच्या घराण्यातल्या पुस्तकांसाठीच म्हणायला हवं होतं. एक मात्र आहे, घासचित्राला पुस्तकाची फारशी गरज लागत नाही, आणि धागा पुस्तकांचा आहे. :)

---

कातरकाम

कोलाजबद्दल. पहिल्या प्रयत्नात मुलं मासिकातली दहा-बारा चित्रं कापून एका कागदावर चिकटवतात आणि रद्दीचं दुकान तयार होतं. म्हणून सुरुवातीला मोजून दोन तुकडे द्या, पूर्ण पानाची एक पार्श्वभूमी आणि एकच वस्तू. दिनदर्शिकेवरचं निसर्गचित्र किंवा पुरवणीतल्या घराच्या जाहिरातीतली खोली पार्श्वभूमीला चांगली. वस्तू किराणा-भाजीच्या जाहिरात पत्रकातून घ्यायची. त्यावरची टोमॅटो-बिस्किटं स्वच्छ, सावलीसकट छापलेली असतात.

आधी न चिकटवता वस्तू पार्श्वभूमीवर दहा जागी सरकवून बघायची. हा खेळच खरा अभ्यास आहे. दोघांचा उजेड एकाच बाजूने येत असेल तर वस्तू तिथलीच वाटते. उजेड उलटा असला तर चिकटवलेली दिसते. सात वर्षांपुढच्या मुलांना हे नीट कळतं, दाखवलं तर.

पातळ डिंक वापरू नका, मासिकाचा कागद फुगून सुरकुततो. ग्लू स्टिक घ्या, आणि ती वस्तूच्या पाठीला मधून कडेकडे लावा.

वर अर्न्स्टचं नाव आलंच आहे. त्याची 'यून स्मेन द बोंते' (१९३४) ही जुन्या छापील कोरीवचित्रांची कोलाज-कादंबरी थोर आहे, पण ती मुलांसाठी नाही. हिंसा आणि नग्नता भरपूर. मोठ्यांनी बघून ठेवायची.

---

घडीवरघडी

घडीच्या कागदाचा खेळ कुणीच कसा काढला नाही? 'कादाव्र एक्स्की' म्हणजे 'नाजूक प्रेत'. पॅरिसमध्ये १९२५ च्या सुमारास ब्रेतों आणि मंडळी हे खेळत. आधी शब्दांनी, मग चित्रांनी. खेळातल्या पहिल्या वाक्यातले पहिले दोन शब्द म्हणजे ते नाव. मुलांना 'घडीचा माणूस' म्हणा, प्रेत कशाला.

ए-४ कागद उभा धरून घड्या घालून तीन भाग: डोकं, धड, पाय. घोटाळे मात्र ठरलेले आहेत:

स्केचपेन पातळ कागदातून पाझरतं आणि पुढच्याला आधीचं दिसतं. पेन्सिल किंवा मेणखडू घ्या, नाहीतर कागद १२० जीएसएमचा.

डोकं संपलं तिथून धड सुरूच होत नाही. यावर इलाज म्हणजे प्रत्येक घडीवर आधीच दोन ठिपके देऊन ठेवायचे, मधोमध, एकमेकांपासून ४ सेंटिमीटरवर. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या रेषा त्या ठिपक्यांवर आणून अर्धा सेंटिमीटर पलीकडे सोडायच्या.

सगळी माणसंच निघतात. सगळ्यात कंटाळवाणा घोटाळा हाच! पाळी सुरू होण्याआधी चिठ्ठ्या टाका: भांडं, पक्षी, वाहन, झाड, कपडे. डोक्याची चिठ्ठी 'भांडं' निघाली की कुकर येतो, आणि कुकरखाली बसचं धड आलं की मग बघा.

पाच वर्षांच्या आतल्यांना आधी पूर्ण माणूस काढून, तो तीन भागांत घडी घालून दाखवा. नाहीतर प्रत्येक भागात एकेक अख्खा माणूस येतो. एका भागाला तीन मिनिटं भरपूर. जास्त दिली तर बारकावे वाढतात आणि थांबलेली मुलं डोकावायला लागतात.

---

पाटीपेन्सिल

@घडीवरघडी, वा. याचंच पुस्तकरूप स्पॅनिशमध्ये झालंय, प्रोफेसर रेव्हिलोदचं 'अनिमालारिओ उनिव्हर्सल', चित्रं हाविएर साएझ कास्तानची. प्रत्येक पान तीन पट्ट्यांत कापलेलं, सोळा प्राणी, म्हणून १६ × १६ × १६ = ४०९६ प्राणी होतात. चित्रं जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकासारखी अगदी गंभीर चेहऱ्याने काढलेली आहेत. गंमत त्या गांभीर्यात आहे. पट्ट्यांचं पुस्तक घरी करणार असाल तर हे लक्षात ठेवा, चित्र मुद्दाम विनोदी काढायचं नाही.

---

अंकलिपी

माग्रितचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र, १९२९ चं, पाइप आणि खाली 'हा पाइप नाही' असं फ्रेंचमध्ये. ते इथल्या मुलांसमोर नेलं की एक वेगळीच अडचण येते. आपल्याकडे पाइप म्हणजे बागेला पाणी घालायचा. तंबाखू ओढायचा पाइप मुलांनी पाहिलेला नसतो, म्हणून 'हा पाइप नाही' वाचून ती प्रामाणिकपणे म्हणतात, 'बरोबर, नाहीये.' आणि चित्र तिथेच संपतं!

म्हणून वस्तू बदला. वडापावचं चित्र नीट काढून खाली सुवाच्य अक्षरात 'हा वडापाव नाही'. कुणी 'आहे की!' म्हणालं तर 'मग खाऊन दाखव.' पुढचं सगळं मुलंच बोलतात.

त्यापेक्षा कमी माहीत असलेलं आणि मुलांना जास्त लागू पडणारं म्हणजे 'स्वप्नांची किल्ली'. त्याच्या अनेक आवृत्त्या आहेत. १९२७ च्या चित्रात चार चौकटी: पिशवीखाली 'आकाश', चाकूखाली 'पक्षी', पानाखाली 'टेबल' आणि स्पंजाखाली 'स्पंज'. तीन चूक, एक बरोबर. १९३५ ची इंग्रजी आवृत्तीही तशीच: घोड्याखाली 'दार', घड्याळाखाली 'वारा', सुरईखाली 'पक्षी' आणि बॅगेखाली 'बॅग'.

हे चित्र म्हणजे आपला बाराखडीचा तक्ताच. तशीच चौकट, तसंच वळणदार अक्षर. करून घ्यायचं असेल तर: पुठ्ठ्यावर सहा चौकटी, प्रत्येकी १० × १० सेंटिमीटर. वस्तू तक्त्यातल्याच घ्या, अननस, इमारत, उखळ, ऊस वगैरे. पाचांखाली चुकीचे शब्द, एकाखाली बरोबर. बरोबर शब्द कुठल्या चौकटीत ठेवायचा ते मुलाने ठरवायचं, आणि तो पहिल्या चौकटीत नको. तिथे ठेवला तर बाकीच्या चुका वाटतात. शेवटी ठेवला की तोच संशयास्पद दिसतो. माग्रितने तो शेवटी ठेवलाय, उगाच नव्हे.

चुकीचे शब्द 'उलटे' नकोत. उसाखाली 'कारलं' लिहिलं की गोड-कडू असा संबंध लागतो आणि विनोद होतो. उसाखाली 'गुरुवार' लिहिलं की चित्र गप्प बसतं. ते हवं.

एक इशारा: अक्षरओळख चालू असलेल्या मुलांना हे देऊ नका. सहजपणे वाचता यायला लागल्यावर, म्हणजे साधारण सात पूर्ण झाल्यावर.

---

तिरपाचष्मा

'उसाखाली गुरुवार'ला +१. याच्यावरून उद्या कुणीतरी कवितासंग्रह काढेल.

---

माजघर

आपल्याकडे हे आधीपासून आहेच की. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडते आणि सूर्य गिळते. मुलांना हा अभंग आधी ऐकवावा, मग परदेशी पुस्तकं.

---

तिरपाचष्मा

@माजघर, ऐकवा जरूर, चित्रही काढून घ्या. मुंगी केवढी आणि सूर्य केवढा हे ठरवतानाच मजा येते. पण दोन्ही एकच नव्हेत. कूट अभंगाला उकल असते. ती अध्यात्मातली आहे आणि जाणत्याला लागते. माग्रितच्या सफरचंदाला उकल नाही, चित्र तिथेच थांबतं. मुलांना कोडं म्हणून दिलंत तर ती उत्तर शोधत बसतील.

तीच गोष्ट गोंड चित्रांची. भज्जू श्याम यांचं 'द लंडन जंगल बुक' (तारा बुक्स, २००४) या वयाला अप्रतिम आहे. बिग बेनचा कोंबडा झालाय, कारण दोघंही वेळ सांगतात. भुयारी रेल्वे जमिनीखालचं गांडूळ झालीय. पण ही जोडणी कारण देऊन केलेली आहे, आपल्या परंपरेच्या नजरेतून अनोळखी शहर वाचणं आहे. तिला अतिवास्तववादाचं लेबल लावू नये. शेजारी ठेवावं मात्र नक्की. 'इथे कोंबडा का?' याला उत्तर आहे, 'तिथे सफरचंद का?' याला नाही. हा फरक नऊ-दहा वर्षांच्या मुलांना बरोबर सापडतो.

---

माजघर

हे पटलं. भारुडांबद्दलही असंच म्हणावं लागेल मग.

---

गच्चीवरून

गोवळकोंड्याचं राहिलंच! माग्रितचं 'गोलकोंद' (१९५३, ह्यूस्टनच्या मेनिल कलेक्शनमध्ये). काळा ओव्हरकोट, गोल हॅट घातलेली असंख्य माणसं लाल कौलांच्या घरांसमोर हवेत. नाव आपल्या हैदराबादजवळच्या, हिऱ्यांसाठी गाजलेल्या गोवळकोंड्याचं. ते सुचवलं त्याचा कवीमित्र लुई स्क्यूतनेर याने. चित्रात किल्ला नाही, हिरेही नाहीत. मुलांना आधी चित्र दाखवा, नाव मागून. आधी नाव सांगितलं तर ती किल्लाच शोधत बसतात.

'वर जातायत की खाली येतायत?' यावर वर्गात हमखास दोन तट पडतात. सोडवू नका.

करताना: आपल्याच इमारतीचा किंवा चाळीचा समोरून काढलेला फोटो, ए-३ वर काळापांढरा प्रिंट. उभ्या माणसाची एकच आकृती तीन मापांत, ६, ४ आणि २.५ सेंटिमीटर, प्रत्येकी आठ. कागदाची घडी घालून एकदम चार कापता येतात. फोटोवर पेन्सिलने फिकट चौकटी आखा आणि माणसं त्या कोपऱ्यांवरच चिकटवा. मोठी माणसं लांब अंतरावर, लहान जवळजवळ. चौकटी न आखता चिकटवली की माणसं पडल्यासारखी, अपघातासारखी दिसतात आणि लहान मुलं बिचकतात. ओळीत लावली की शांत तरंगतात.

---

खारीचावाटा

घाबरण्याचा विषय निघालाच आहे तर, दालीची वितळलेली घड्याळं दाखवावीत का?

---

गच्चीवरून

दाखवावीत, पण मूळ मापात. 'द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी' (१९३१) जेमतेम २४ × ३३ सेंटिमीटरचं आहे, ए-४ पेक्षा थोडंसं मोठं. ए-३ वर खऱ्या मापात प्रिंट काढून, कडा कापून हातात द्या. पडद्यावर भिंतभर दाखवलं की मधला पापण्यांचा पांढरा चेहरा अंगावर येतो. हातातल्या कागदावर मुलं तो सोडून नारिंगी घड्याळावरच्या मुंग्या मोजतात. मऊ घड्याळं तीन, आणि मुंग्यांचं चौथं बंद, ते मऊ नाही. हे त्यांना शोधू द्या.

टाळायचं म्हणाल तर माग्रितची तोंडावर कापड गुंडाळलेली जोडपी (१९२८) लहानांना नको, आणि हान्स बेलमेरच्या मोडूनतोडून जोडलेल्या बाहुल्या तर अजिबात नकोत. मुलांच्या समोर बसून इंटरनेटवर 'अतिवास्तववादी चित्रं' शोधू नका. हवी ती आधीच प्रिंट करून ठेवा.

---

पाटीपेन्सिल

थोडी भर. दोन पुस्तकं खुद्द अतिवास्तववाद्यांनी मुलांसाठी केलेली आहेत.

लिओनोरा कॅरिंग्टनने मेक्सिकोत आपल्या मुलांसाठी वहीत गोष्टी-चित्रं काढली. ती 'द मिल्क ऑफ ड्रीम्स' म्हणून तिच्या मृत्यूनंतर छापली गेली, इंग्रजीत २०१७ मध्ये. २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाला याच पुस्तकाचं नाव होतं. कानांऐवजी पंख असलेला मुलगा, जेलीत अडकलेलं गिधाड. गोष्टी अर्ध्या-एक पानाच्या, वाचता वाचता मराठी करता येतं. आधी स्वतः वाचून घ्या. विनोद काळा आहे, काही घरांत चालणार नाही.

दुसरं 'ल कर द पिक' (१९३७): लीझ दआर्मच्या ३२ बालकविता आणि क्लोद काहूंचे २० फोटो. फोटो म्हणजे टेबलावर मांडलेल्या बाहुल्या, पानं, लहानसहान वस्तू. फ्रेंच येत नसलं तरी फोटो पुरतात.

---

कातरकाम

तसे फोटो मोबाइलवर छान जमतात. मोबाइल उलटा धरायचा, म्हणजे कॅमेरा टेबलाला टेकतो. दोन इंचांची बाहुली मग माणसाएवढी दिसते. मागे ए-३ कागद भिंतीवरून टेबलावर वळवून सोडायचा, घडी न पाडता. उजेड खिडकीचा, एका बाजूने. फ्लॅश बंद, नाहीतर सावली मागच्या कागदावर चिकटते आणि खेळणं खेळणंच राहतं.

---

खारीचावाटा

पट्ट्यांचं पुस्तक करायला घेतेय. आठ पानं ठरवलीत. आधी कापायचं की आधी बाइंडिंग?

---

घडीवरघडी

आधी बाइंडिंग. आठ पानं म्हणजे ८ × ८ × ८ = ५१२ प्राणी, पुष्कळ झाले.

ए-५ मापाचा, २०० जीएसएमच्या आसपासचा कार्डशीट, उभा. उंची २१ सेंटिमीटर, म्हणून पट्टी ७ सेंटिमीटरची. आठही पानांवर ७ आणि १४ वर फिकट रेघ, आणि त्या रेघांवर मान व कंबर ठरलेल्या जागी. आधी एक साचा कापून घ्या आणि प्रत्येक पानावर तोच ठेवून खुणा करा, अंदाजाने नको. दोन मिलिमीटरचा फरकही पट्टी उलटल्यावर दिसतो. डाव्या कडेला अडीच सेंटिमीटर कोरे सोडा, तिथे स्पायरल येतं.

चित्रं पूर्ण झाली की झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल मारून आणा. मग एकेक पान उलटून, खाली जाड पुठ्ठा ठेवून, स्टीलच्या पट्टीने आणि कटरने बाहेरच्या कडेपासून आत कापत यायचं. हे मोठ्यांनीच करायचं. स्पायरलच्या भोकांच्या एक सेंटिमीटर अलीकडे थांबा. भोकांपर्यंत कापलं तर पट्ट्या आठवडाभरात निखळतात. शेवटचं एक पान जाड पुठ्ठ्याचं, न कापलेलं ठेवा, नाहीतर पुस्तक हातात उभं राहत नाही.

---

खारीचावाटा

पहिल्या पानावर कोंबडा घेतला तर त्याची मान ७ वर कशी येणार? ती लांब असते.

---

घडीवरघडी

डोकं लहान काढू नका, तुरा वर न्या. मान रेघेवर ४ सेंटिमीटर रुंद यायला हवी, पिसं फुलवली की येते. जिराफ मात्र यादीतून काढून टाका.